तहसील कचेरीतली सरहद्द

आग्रही : वाद घालण्याआधी पायाभूत गोष्टीवर आपलं एकमत आहे का, ते पाहू. दुसऱ्या देशाचा माणूस परवानगीशिवाय इथे येऊन राहिला, तर तो गुन्हा आहे. 1946 चा जुना कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून आप्रवास आणि विदेशी नागरिक कायदा लागू झाला. विनापासपोर्ट शिरणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कायद्याला दात आहेत, पण चावणार कोणाला? घुसलेला माणूस सरहद्दीवर सापडला नाही, तर पुढे तो सापडतो कागदावर, आणि हा कागद तयार होतो तहसीलमध्ये. उशिराने केलेल्या जन्मनोंदीच्या दाखल्यांवर भाजप नेते किरीट सोमय्यांनी मालेगावातून आरोप सुरू केले. जानेवारी 2025 मध्ये सरकारने विशेष तपास पथक नेमलं, तिथला तहसीलदार आणि नायब तहसीलदार निलंबित झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात महसूल खात्याने जास्त लक्ष देण्यासाठी काही शहरांची नावं काढली. अमरावती, अकोला, लातूर, जालना, बीड यांच्या ओळीत आपली परभणीही आहे. म्हणून हा विषय आता आसामचा किंवा बंगालचा राहिलेला नाही.

साशंक : गुन्हा आहे, मान्य. माझी हरकत त्याच्या पुढे सुरू होते. बांगलादेशची सरहद्द परभणीपासून हजार किलोमीटरहून लांब आहे. इथे जो उशिराचा दाखला मागायला येतो, तो बहुतेक वेळा कोण असतो? गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरीकडची कोयत्याची जोडी ऊसतोडीसाठी दसरा-दिवाळीला गाव सोडते आणि उन्हाळ्यात परतते. मधल्या काळात पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडावर बाई बाळंत झाली, तर त्या पोराची नोंद कुठे करायची? जन्मला त्या गावात कोणी ओळखत नाही आणि स्वतःच्या गावात ते जन्मलंच नाही. एकवीस दिवसांत नोंदवायचं असतं हे माहीत असतं, पण त्या एकवीस दिवसांत बाप पहाटे तीनला मोळ्या बांधत असतो. पुढे शाळेत घालायची वेळ आली की धावपळ सुरू. वर्ष उलटलं की जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 13(3) खाली दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागायचं. 2023 मध्ये संसदेने हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे दिला, गरिबाला वकील लागू नये म्हणूनच ना? वाट सोपी केली, तशी गर्दी वाढली. आणि आता त्या गर्दीलाच तुम्ही पुरावा म्हणता.

आग्रही : गर्दीला मी पुरावा म्हणत नाही. गर्दीत काय खपून गेलं, ते तपासा म्हणतो. कायद्यात शब्द आहेत की दंडाधिकाऱ्याने नोंदीची सत्यता पडताळून मगच हुकूम द्यायचा. पडताळणी कशी झाली? कित्येक ठिकाणी आधारकार्डाची झेरॉक्स, एक शपथपत्र आणि सही. सरकारचंच म्हणणं आहे की नायब तहसीलदारांना अधिकार नसताना त्यांनी हुकूम दिले. वर दलाल बसलेले. आता तुम्ही कोयत्यावरच्या बाईचं नाव घेता. मला सांगा, या दलालीचा सगळ्यांत जास्त तोटा कोणाला झाला? तिलाच. तिचा खरा अर्ज आणि दुसऱ्या कोणाचा बनावट अर्ज एकाच गठ्ठ्यात गेले आणि आता दोन्ही संशयित झाले. गठ्ठा न तपासता तिला न्याय मिळेल, असं वाटतं का तुम्हाला?

साशंक : तपासायला माझी ना नाही. पण कशाच्या आधारावर? नोव्हेंबरच्या सूचनांमध्ये एक अशी होती की अर्जातली जन्मतारीख आणि आधारवरची जन्मतारीख जुळत नसेल तर पोलिसांत द्या. परभणी जिल्ह्यात चाळिशीच्या पुढच्या शंभर माणसांचे वाढदिवस विचारा. निम्मे 1 जूनला जन्मलेले निघतील, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. जे शाळेत गेले नाहीत त्यांच्या आधारवर 1 जानेवारी आहे. आई सांगते, पोळ्यानंतर चार दिवसांनी, मोठा पाऊस झाला त्या साली. ती खरं सांगते आणि दोन्ही कागद खोटे बोलतात. या तफावतीवर गुन्हे नोंदवायचे ठरले, तर कृषी विद्यापीठात पेन्शन घेणाऱ्या माणसापासून सुरुवात करावी लागेल. माझ्या स्वतःच्या घरात तीन तारखा आहेत.

आग्रही : तुमच्या घरच्या तीन तारखांमुळे तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

साशंक : तेच तर म्हणतोय. माझ्यावर कोणी घेणार नाही. मग कोणावर घेणार? अर्जावरचं नाव वाचून. आणि एकदा नावावरून संशय ठरला की तारीख हे निमित्त उरतं.

आग्रही : थांबा, इथे मी तुम्हाला अर्धवट सोडणार नाही. हा दाखला काय किमतीचा आहे ते समजून घ्या. 1955 च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात जो भारतात जन्मला तो जन्मानेच नागरिक. आईबाप कोणीही असोत. त्यानंतर जन्मलेल्याला आईबापांपैकी एक भारतीय असल्याचं दाखवावं लागतं. आणि डिसेंबर 2004 पासून दुसराही बेकायदा आलेला नसावा, अशी अट आली. आता विचार करा. पन्नाशीचा माणूस येतो आणि म्हणतो, मी 1975 साली जिंतूर तालुक्यात अमक्या वाडीत जन्मलो, नोंद राहून गेली. तहसीलदाराने सही केली की त्या एका सहीने तो नागरिक झाला, आणि त्याच्या पुढच्या पिढ्याही. पोराच्या शाळेसाठीचा दाखला आणि पन्नास वर्षांच्या माणसाचा दाखला, कलम एकच आहे, पण वजन वेगळं. आणि तो राहायला परभणीत असायलाच पाहिजे असं कुठे आहे? जिथे कोणी शोधणार नाही तिथून कागद काढायचा आणि मोठ्या शहरात राहायचं, हे चतुराईचं काम. तुमचा हजार किलोमीटरचा मुद्दा इथे माझ्याच बाजूने पडतो.

साशंक : हा मुद्दा ठोस आहे, मान्य करतो. वर्तमानपत्रांत इतका गदारोळ झाला, पण 1987 ची ही रेघ फार थोड्या जणांनी सांगितली. पण ती मानली तर तुमच्या मोहिमेचा आकार लगेच लहान होतो. 1987 नंतर जन्मलेल्यांना जन्मदाखल्याने नागरिकत्व मिळतच नाही, त्यांना आईबाप सिद्ध करावे लागतात. मग पाच-सात वर्षांच्या पोरांचे दाखले कशाला रद्द करता? पन्नाशीच्या लोकांच्या फायली काढा, एकेक तपासा. प्रत्यक्षात असे दाखले देण्यावरच सरसकट स्थगिती आली. 12 मार्च 2025 ला नवी पद्धत आली, त्यात पोलिसांचा अहवाल आला, हरकतींची जाहीर सूचना आली. ऊसतोड मजुराच्या पोराच्या जन्माचा अहवाल पोलीस कशावरून देणार? आणि पोलीस ठाण्याची पायरी चढण्याबद्दल परभणीकराला सांगू नका. डिसेंबर 2024 मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद झाला, मग पोलिसांची कारवाई झाली आणि वडार समाजातला, कायदा शिकणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मेला. हे विसरून इथला गरीब माणूस अहवाल मागायला ठाण्यात जाईल?

आग्रही : तो प्रसंग वेगळा, त्याची चौकशी वेगळी. प्रत्येक वादात तो आणला तर पोलिसांनी चोरही धरू नये. पण ठीक, पोलीस नकोत, मग कोण? पर्याय द्या.

साशंक : पर्याय सरकारनेच दिलेला आहे, दुसऱ्या फायलीत. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली. निजामाच्या काळातले उर्दू, फारसी, मोडीतले कागद धुंडाळले गेले. मराठवाड्यात नोंदी अपेक्षेपेक्षा कमी सापडल्या, कारण इथे कागद टिकलाच नाही. मग 2 सप्टेंबर 2025 चा निर्णय आला. ज्याच्याकडे जमिनीचा पुरावा नाही त्याने 13 ऑक्टोबर 1967 पूर्वी आपले पूर्वज त्या भागात राहत होते असं शपथपत्र द्यावं, आणि ग्रामसेवक, तलाठी, सहायक कृषी अधिकारी यांच्या गावपातळीवरच्या समितीने चौकशी करावी. म्हणजे परभणीच्या पाटलाकडे जुना कागद नाही, हे सरकारला समजतं. त्याच गावातल्या तांबोळ्याकडे, पिंजाऱ्याकडे, पारध्याकडे नाही, तर ते संशयास्पद कसं होतं? दोघांचे पणजोबा एकाच निजामाची रयत होते.

आग्रही : दोन्हींत फरक आहे. कुणबी दाखल्यात माणूस कुठला, हा प्रश्नच नसतो. त्याची सोयरीक, भावकी, शेत सगळं गावासमोर असतं. गावसमितीला विचारायला भावकी हवी. बाहेरून आलेल्याला भावकी नसते, तोच तर तपासाचा मुद्दा. शिवाय त्या निर्णयावरही कोर्टात आक्षेप आहेत. ओबीसी नेतेही म्हणतात, शपथपत्रावर दाखले वाटू नका. सैल कागदाची भीती फक्त मलाच वाटते असं नाही.

साशंक : पण तुम्ही आत्ताच उत्तर दिलंत. भावकी आहे की नाही, हे गावाला विचारून कळतं. मग अहवाल गावाकडून घ्या, ठाण्यातून नको. तलाठी, ग्रामसेवक, शाळेचे मुख्याध्यापक, अंगणवाडीची ताई. अंगणवाडीच्या ताईला गावातलं प्रत्येक बाळंतपण ठाऊक असतं.

आग्रही : गावाला विचारा म्हणणं सोपं आहे. पण गावातही गट असतात. निवडणुकीत पडलेला सरपंच कोणाच्या दाखल्यावर हरकत घेईल, सांगता येत नाही.

साशंक : यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

(इथे दोघेही थोडा वेळ कलमांच्या आणि शासन निर्णयांच्या तारखांमध्ये शिरले. त्यातून वाचकाच्या हाती लागण्यासारखं काही निघालं नाही, म्हणून तो भाग गाळला आहे.)

आग्रही : तुमच्या सगळ्या बोलण्याखाली एक धागा आहे. चूक होऊ शकते, म्हणून करू नका. मग कुठलाच कायदा राबवता येणार नाही. 1998 आठवा. शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं. मुंबईतून जरीकाम करणाऱ्या बंगाली माणसांना बांगलादेशी म्हणून रेल्वेने रवाना केलं. पश्चिम बंगालमध्ये उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवली आणि त्यांना उतरवून नेलं. त्यात कोण भारतीय होतं, कोण नव्हतं, हे पुढे कधीच स्वच्छपणे ठरलं नाही. राज्याचा कायदा जमावाने मोडला, आणि पंचवीस वर्षं सगळे गप्प बसले. असं सोडून दिल्यामुळेच हा विषय आता ओरडणाऱ्यांच्या हाती गेलाय. शांतपणे, नियमाने काम झालं असतं, तर कोणाला रस्त्यावर घोषणा द्याव्या लागल्या नसत्या.

साशंक : उलुबेरिया मला उलट दिसतं. जमाव आला, कारण कोणाला पाठवतोय याची खात्री पाठवणाऱ्यालाच नव्हती. आणि सत्तावीस वर्षांनी तेच झालं. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात काम करणाऱ्या काही बंगाली मजुरांना धरून सीमा सुरक्षा दलाच्या स्वाधीन केलं, सरहद्दीपलीकडे ढकललं, आणि मग पश्चिम बंगाल सरकारने कागद दाखवल्यावर परत आणावं लागलं. ते भारताचे नागरिक होते. केंद्राच्या सूचनेप्रमाणे संशयिताच्या पत्त्याची त्याच्या राज्याकडून खातरजमा करायला तीस दिवस होते. तितकीही वाट पाहिली गेली नाही. दुसऱ्या देशात लोटून दिलेला मजूर, हातात मोबाईल नाही, खिशात पैसा नाही. ही चूक आपण कोणत्या सदरात घालायची?

आग्रही : चूकच. ज्याने केली त्याला जाब विचारला पाहिजे. यात आडपडदा नाही. पण तुम्हीही एक गोष्ट स्वच्छ बोला. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानाने 104 भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणलं. त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. बेड्यांबद्दल आपण सगळे चिडलो, मीही. पण अमेरिकेला त्यांना परत पाठवण्याचा हक्क नव्हता, असं कोणी म्हटलं? नाही म्हटलं. मग तोच हक्क आपल्याला आहे हे म्हणताना घसा का दाटतो?

साशंक : हक्क आहे. घसा दाटत नाही. पण त्या 104 जणांना उतरवून घ्यायला भारत तयार होता, कारण ते भारताचे आहेत हे दोन्ही देशांनी मान्य केलं होतं. इथे ज्याला तुम्ही बांगलादेशी म्हणाल त्याला बांगलादेशने नाही म्हटलं, तर तो कुठे जाणार? आसाममध्ये हे दिसलं. 31 ऑगस्ट 2019 ला नागरिक नोंदवहीची यादी आली, 19 लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली, आणि ज्यांनी यादी मागितली होती त्यांनाही ती मान्य झाली नाही. त्या लोकांचं पुढे काय, हे कोणीच ठरवलेलं नाही. त्या यादीची भीती मराठवाड्यातही पोहोचली होती. 2019 नंतर मुस्लिम वस्त्यांमध्ये लोकांनी दाखल्यांसाठी धाव घेतली. तुम्ही ज्याला गठ्ठा म्हणता त्यातला बराचसा या भीतीतून आलाय. आधी म्हणायचं कागद दाखवा, आणि माणूस कागद काढायला गेला की विचारायचं, आत्ताच कसा काढला?

आग्रही : भीतीतून काढलेला खरा कागद खराच राहतो. खोटा कागद भीतीतून काढला तरी खोटाच. आणि आसामचं उदाहरण माझ्या गळ्यात बांधू नका. आसामने सव्वातीन कोटींहून जास्त माणसांना रांगेत उभं केलं. मी परभणीच्या साऱ्या जनतेला रांगेत उभं करा म्हणत नाही. फक्त जे हुकूम पुराव्याशिवाय निघाले ते बघा. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एका जामीन प्रकरणात सांगितलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र हाती आहे एवढ्यावरून कोणी नागरिक ठरत नाही.

साशंक : बरोबर, आणि त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये आसामच्याच एका प्रकरणात सांगितलं की कोणालाही उचलून तू परदेशी आहेस म्हणता येत नाही, आधी हातात काही साहित्य लागतं, आणि नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकावरून माणूस परका ठरत नाही. दोन्ही निकाल आपल्याच देशातले. तुम्ही एक खिशात ठेवता, मी दुसरा.

आग्रही : धर्माचा मुद्दा तुम्ही अजून काढला नाही, याचं आश्चर्य वाटतंय.

साशंक : काढतो, थोडक्यात. 1 सप्टेंबर 2025 ला नव्या कायद्याबरोबरच केंद्राने एक सवलतीचा आदेश काढला. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तान इथून 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती लोकांवर कागद नसले तरी कारवाई नाही. गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली हिंदूंना सरकारनेच जमिनी देऊन वसवलं. तो निर्णय योग्यच होता. पण म्हणजे कायदा स्वतःच सांगतो की बेकायदा येणं हा एकच निकष नाही.

आग्रही : छळ सोसून आलेला आणि मजुरीसाठी आलेला यांत फरक करायचाच नाही का?

साशंक : करा. पण मग तो फरक माणसाच्या हकिकतीवरून करा, नावावरून नको. आणि ऐका, मराठवाड्यात हे आधी होऊन गेलंय. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानातल्या अरबांना आणि पठाणांना परदेशी ठरवून बाहेर घालवायची मोहीम निघाली. कित्येक अरब इथेच जन्मलेले, आई दखनी, बाप निजामाच्या फौजेतला. कोण अरबस्तानचा आणि कोण इथला, हे ठरवताना अधिकाऱ्यांचा घोळ झाला. शेवटी बरेच इथेच राहिले. आज परभणी, हिंगोली, नांदेडमध्ये चाऊस आडनावाची माणसं भेटतात. शिक्षक आहेत, ड्रायव्हर आहेत, शेतकरी आहेत. त्यांना कोणी परके म्हणत नाही. म्हणून मला विचारायचंय, सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी ज्या प्रश्नाचं उत्तर इतकं सोपं वाटतं, त्या प्रश्नावर त्या वेळच्या सरकारने किती माणसं गमवायची?

आग्रही : चाऊसांचं उदाहरण चांगलं आहे, पण ते राजरोस आले होते. निजामाने चाकरीला ठेवले होते. चोरवाटेने येऊन कोणाच्या तरी वाडीचं नाव चोरलेलं नव्हतं. माझा राग येणाऱ्यावर कमी आणि वाडीचं नाव विकणाऱ्यावर जास्त आहे, हे तुमच्याशी बोलता बोलता मलाच स्पष्ट झालं. पण विकत घेणाऱ्याला मोकळं सोडायला मी तयार नाही.

साशंक : आणि विकणाऱ्यापासून सुरुवात करायला मी तयार आहे. अधिकार नसताना हुकूम कोणी दिले, दलाली कोणी खाल्ली, आधी त्यांच्यावर खटले भरा. आत्ता होतंय काय? निलंबित अधिकारी आज ना उद्या कामावर रुजू होतो, दाखला रद्द झालेली बाई मात्र कचेरीच्या पायऱ्यांवर बसून राहते. परक्या नागरिकाबद्दलच्या कायद्यात सिद्ध करायचा भार संशयितावर असतो. 1946 ला तसाच होता, 2025 च्या कायद्यातही तसाच आहे. त्यामुळे जन्मदाखल्याची साधी फाइल एकदा परकेपणाच्या फायलीत गेली की ओझं फिरतं. कालपर्यंत तहसीलदाराने पडताळायचं होतं, आजपासून ऊसतोड्याने सिद्ध करायचं.

आग्रही : ओझं संशयितावर असण्याचं कारण आहे. तो कुठे जन्मला हे त्याला माहीत असतं, सरकारला नसतं.

साशंक : फडावर जन्मलेल्या पोराला ते माहीत नसतं. त्याच्या आईला माहीत असतं, आणि तिच्या शब्दाला किंमत नाही.

आग्रही : यावर आपण दोघे वळणार नाही, दिसतंय. पण एक मागणी एकत्र करता येईल का बघा. परभणी जिल्ह्यात उशिराच्या नोंदीचे जे हुकूम रद्द झाले, त्या प्रत्येकाचं कारण जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावं. हुकूम देणाऱ्याला अधिकार नव्हता म्हणून किती, पुरावा अपुरा म्हणून किती, तारखेचा फरक म्हणून किती, बनावट कागद म्हणून किती, आणि परदेशी असल्याचं खरोखर सिद्ध झालं म्हणून किती. आत्ता सगळे आकडे एकाच पिशवीत आहेत, आणि भाषण करणारा प्रत्येक जण त्या पिशवीला बांगलादेशी म्हणतो. माझ्या बाजूचेही.

साशंक : नावं न छापता?

आग्रही : नावं न छापता. फक्त जन्मसाल, 1987 च्या आधीचं की नंतरचं, आणि कारण.

साशंक : मग मी सही करतो. पण शेवटच्या रकान्यात फार थोडे निघाले, तर मोहीम थांबवा असं तुम्ही म्हणाल का?

आग्रही : नाही. तपास अपुरा झाला, असं म्हणेन. आणि बरेच निघाले तर?

साशंक : ते कसे ठरवले, ते विचारीन. तरीही आकडे मागू. जिल्हाधिकारी कार्यालयाला माहिती अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात.